सेव्हरांबियनांचा देश आणि एक खरे जहाज

काल्पनिक प्रवासाच्या जुन्या युरोपीय कादंबऱ्यांतला अज्ञात देश म्हणजे युरोपवर टीका करण्यासाठी उभा केलेला निव्वळ पडदा होता, असे एक मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. टीका तर होतीच. परंतु देनी व्हेरास या फ्रेंच प्रोटेस्टंट लेखकाने सेव्हरांबियन या काल्पनिक लोकांची जी कथा लिहिली आणि जिचा पहिला भाग १६७५ साली लंडनमध्ये इंग्रजीत निघाला, तिच्यामागे एक खरीखुरी दुर्घटना आहे. नेदरलँड्समधल्या टेक्सेल बेटाहून १६५५ साली बटाव्हियाकडे (आजच्या जकार्ताकडे) निघालेले डच ईस्ट इंडिया कंपनीचे ‘सोनेरी ड्रॅगन’ नावाचे जहाज एप्रिल १६५६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ खडकावर फुटले. सुमारे पंचाहत्तर माणसे कशीबशी किनाऱ्याला लागली, त्यांपैकी सात जण छोट्या होडीतून बटाव्हियाला पोहोचले, आणि मागे राहिलेल्यांच्या शोधासाठी पाठवलेली जहाजे रिकाम्या हाताने परतली.

व्हेरासने आपल्या कथेतल्या जहाजाला हेच नाव दिले, प्रवासाचे वर्ष आणि मार्गही हाच ठेवला. ज्यांचे पुढे काय झाले हे कोणालाच कळले नाही, त्यांना त्याने जमिनीची खासगी मालकी नसलेल्या, हजाराहून अधिक माणसे एकेका चौसोपी वास्तूत एकत्र राहणाऱ्या, सूर्योपासक समाजात नेऊन सोडले. त्या राज्याचा संस्थापकही युरोपीय नाही, तो इराणातून आलेला पारशी आहे, आणि हा तपशील मला फार मोलाचा वाटतो.