गाणी ऐकायला वेगळा प्लेअर घ्यावा का? माझं मत: घ्यावा, पण स्वस्तातला

मंद्रसप्तक

खिशात फोन, फोनमध्ये अ‍ॅप, अ‍ॅपमध्ये कोट्यवधी गाणी. तरी गाणी वाजवण्यापलीकडे काहीही न येणारं एक डबडं विकत घ्यावं, असं मला वाटतं. आवाज चांगला येतो म्हणून नाही. तो वाद कानसेनांनी घालावा.

माझं कारण वेगळं आहे. स्पॉटिफाय २०१९ मध्ये भारतात आलं, आणि सारेगामा, म्हणजे एचएमव्हीचा सगळा जुना खजिना ज्यांच्याकडे आहे ती कंपनी, लगेच कोर्टात गेली. गाणी काढली गेली, ती २०२० मध्ये करार झाल्यावर आली. २०२३ मध्ये झी म्युझिकची गाणी तिथून गायब. २०२४ मध्ये गाण्यांच्या अ‍ॅपांपैकी आधी रेसो बंद, मग विंक बंद. त्यावर वर्षानुवर्षं जमवलेल्या प्लेलिस्ट आणि 'डाउनलोड' केलेली गाणी अ‍ॅपसोबतच गेली. पैसे भरून आपण भाडेकरूच राहणार असू, तर जी दीड-दोनशे तासांची गाणी जन्मभर ऐकायची आहेत ती तरी स्वतःच्या घरात असावीत.

घ्यायचा तर असा घ्या: मेमरी कार्डाची खाच, हेडफोनसाठी ३.५ मिमीचा जॅक आणि खरीखुरी बटणं. लोकलच्या गर्दीत खिशात हात घालून गाणं पुढे ढकलता आलं पाहिजे. अँड्रॉइडवाले महागडे प्लेअर घेऊन त्यावर पुन्हा स्ट्रीमिंगच करणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

फुकट_फौजदार

धागाकर्ते, मालकीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण त्यासाठी वेगळं यंत्र कशाला? त्याच फाइल फोनमध्ये टाका, एखादं साधं प्लेअर अ‍ॅप घ्या, विषय संपला. जॅक नाही म्हणाल तर हजार रुपयांच्या आसपास फोनच्या चार्जिंगच्या खाचेत लावून हेडफोन जोडायचा टाइप-सीचा डोंगल मिळतो, आणि तो तुमच्या स्वस्त डबड्यापेक्षा स्वच्छ वाजतो. ज्यांनी २००१ मध्ये आयपॉड काढून हे वेड जगभर लावलं, त्या अ‍ॅपलनेच २०२२ मध्ये तो बंद केला. त्यांना काही कळत नसेल असं समजायचं का?

मंद्रसप्तक

अ‍ॅपलला फोन विकायचे होते, फौजदारसाहेब. आता बऱ्याच फोनांना कार्डाची खाचही नसते. गाणी, लग्नाचे व्हिडिओ आणि काका-मामांचे 'शुभ सकाळ' हे सगळं एकाच मेमरीत. जागा संपली की पहिली कुऱ्हाड गाण्यांवर. शिवाय विलंबित ऐन रंगात आलेलं असताना कर्जवाल्या बाईंचा फोन येतो, त्याचं काय करणार?

फुकट_फौजदार

'व्यत्यय नको' नावाचं एक बटण असतं. फुकट.

कानसेन

आवाजाचा विषय धागाकर्त्यांनी फारच हलक्यात उडवलाय. सीडीचा आवाज म्हणजे सेकंदाला १४११ किलोबिट. ब्लूटूथवरून गाणं पाठवायची एलडीएसी ही पद्धत अगदी ताणून ९९० पर्यंत जाते, म्हणजे काटछाट आलीच. साधा अँड्रॉइड फोन बऱ्याचदा सीडीच्या मापाची, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ मध्ये बदलून वाजवतो, चांगले प्लेअर तसं करत नाहीत. आणि ३०० ओहमचा, म्हणजे जास्त ताकद मागणारा हेडफोन असेल तर फोन किंवा छोटा डोंगल त्याला नीट हलवूही शकत नाही. सोनीचा झेडएक्स७०७ हा प्लेअर भारतात २०२३ मध्ये सुमारे सत्तर हजारांना आला तेव्हा सगळे हसले. ज्याने ऐकला तो हसला नाही.

फुकट_फौजदार

सत्तर हजार! तेवढ्यात दोन वर्षं सवाई आणि गणेशोत्सवातल्या सगळ्या मैफिली पुढच्या रांगेत बसून ऐकीन. वर शेवपुरी.

मंद्रसप्तक

कानसेन, तुमचं गणित बरोबर आहे, पण लोकलमध्ये तीनशे ओहमचा हेडफोन कोण घालतं? घरी बसून ऐकायचं तर टेबलावरचा अ‍ॅम्प, म्हणजे हेडफोनला ताकद देणारा डबा घ्या, पैसे वाचतील. आणि महाग प्लेअरचं अँड्रॉइड तीन-चार वर्षांत जुनं होतं, मग अ‍ॅप अपडेट होत नाहीत. बॅटरी चिकटवलेली. माझ्या मते पाच-सात हजारांच्या वर जाण्यात अर्थ नाही.

सातासमुद्रापारची_सखू

तुम्हाला पुण्या-मुंबईत बसून मालकीच्या गप्पा सुचतात. माझ्या गावात मराठी गाणी विकणारं दुकान या जन्मी होणार नाही. नाट्यसंगीत, लावणी, नवीन मुलांचं रॅप, सगळं मला स्ट्रीमिंगनेच दिलं. एक ऐकलं की त्याच्या शेजारचं सापडतं. तुमच्या कार्डावर जे तुम्ही स्वतः टाकलं तेवढंच. नवं कानावर पडणार कधी?

तक्रार माझीही आहे. एकाच गवय्याचा यमन पाच ठिकाणी, वर्ष नाही, तबल्यावर कोण ते नाही. आणि काही गाणी इथे 'तुमच्या देशात उपलब्ध नाही'. तरी मी अ‍ॅप सोडणार नाही.

मंद्रसप्तक

सखूताई, सोडा असं म्हणतच नाही. शोधायला अ‍ॅप, ठेवायला कार्ड.

आईचा_लाडका

आमच्याकडे आईसाठी कारवाँ, म्हणजे सारेगामाचा आतच जुनी गाणी भरलेला रेडिओसारखा डबा आहे, त्याची मराठी आवृत्तीही निघाली आहे. बटण दाबलं की गाणं सुरू, एवढंच तिला हवं होतं. नंतर तिच्या आवडीची भजनं घालून एक छोटा प्लेअरही दिला. सगळ्या फाइलींना छान मराठीत नावं दिली, तर पडद्यावर नुसते चौकोन! जिथे अक्षरं उमटली तिथे वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे. शेवटी सगळी नावं रोमनमध्ये केली. ती म्हणाली, चौकोनच बरे होते.

मंद्रसप्तक

हा धोका खराच. घेण्याआधी दुकानात मराठी नावाची एक फाइल घालून बघावी. आणखी एक बघायचं: दोन ट्रॅकमध्ये खंड पडतो का. मैफिलीच्या सीडीवर विलंबित आणि द्रुत वेगळे ट्रॅक असतात. साधा प्लेअर मध्ये अर्धा सेकंद गप्प बसतो, आणि नेमकी तिथेच तबलजीने लय वाढवलेली असते. वैताग येतो.

कानसेन

मुख्य प्रश्न कोणी विचारलाच नाही. एका तासाची फ्लॅक, म्हणजे आवाजात काटछाट न करता आकाराने लहान केलेली फाइल साधारण साडेतीनशे एमबी धरली तर १२८ जीबीच्या कार्डात साडेतीनशे तास मावतात. ती भरायची कुठून? सीडी बंद झाल्यात जमा, नवीन मराठी गाणी फाइलरूपात विकतंय कोण? टेलिग्रामवरून उतरवणार असाल तर मालकीचं पावित्र्य वगैरे बोलू नका.

मंद्रसप्तक

टेलिग्राम नको. यूएसबीचा सीडी ड्राइव्ह अजून दोन-अडीच हजारांत मिळतो. नातेवाइकांच्या माळ्यावर सीडींचे खोके धूळ खात पडलेत, आधी ते मागून घ्या. स्वतंत्र कलाकारांपैकी काही जण बँडकँप या संकेतस्थळावर फ्लॅक विकतात. नवीन चित्रपटगीतांसाठी मात्र खरंच फारशी सोय नाही, ती मीही अ‍ॅपवरच ऐकतो.

फुकट_फौजदार

म्हणजे प्लेअर, कार्ड, सीडी ड्राइव्ह, वर अ‍ॅपची वर्गणी. आणि धाग्याच्या नावात 'स्वस्तातला'!