एका वेळी एकच काम: हे सगळ्यांना परवडतं का?

गोळीचिठ्ठी:
मी औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. गेल्या महिन्यात खांद्याशी फोन दाबून घाऊकवाल्याला ऑर्डर सांगत होते आणि हाताने एका आजोबांची औषधं काढत होते. चिठ्ठीत मधुमेहाचं मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅमचं होतं, मी १०००ची स्ट्रिप दिली. आजोबांनी घरी जुन्या स्ट्रिपशी ताडून पाहिली म्हणून निभावलं. तेव्हापासून चिठ्ठी हातात असेपर्यंत फोन ड्रॉवरमध्ये.

१९७४ साली अमेरिकेत शार्लटजवळ उतरताना एक विमान पडलं. उतरण्याची तयारी चालू असताना कॉकपिटमध्ये राजकारणापासून जुन्या गाड्यांपर्यंत गप्पा चालल्या होत्या. पुढे १९८१मध्ये तिथे नियमच झाला: चढता-उतरताना, १०,००० फुटांखाली, उड्डाणाशी संबंध नसलेलं काही करायचं नाही, बोलायचंही नाही. तरबेज वैमानिकांना हे लागतं, मग आपल्याला का नको?

पोळपाट:
सकाळी साडेसहाला माझ्या ओट्याशी येऊन उभ्या राहा. एका शेगडीवर कुकर, दुसरीवर तवा, पोळ्या लाटता लाटता धाकटीचे पाढे, मध्येच सासूबाईंचं इन्सुलिन. एकेक काम धरून बसले तर डबे व्हायला नऊ वाजतील. जो एकाच कामात बुडून जातो, त्याची बाकीची कामं घरात कुणीतरी करत असतं. त्या माणसाचं नाव कुणी घेत नाही.

गोळीचिठ्ठी:
ताई, शेवटचं अगदी मान्य. माझ्या घरीही तेच आहे. पण कुकरला तुमचं लक्ष लागत नाही, तो शिट्टी देऊन बोलावतो. इन्सुलिनचे युनिट मोजताना पाढे ऐकता का?

पोळपाट:
नाही. तेव्हा गॅस बंद करते आणि धाकटीला गप्प बसवते.

रोजखर्डा:
स्टॅनफर्डमध्ये २००९ साली एक अभ्यास झाला होता. एकाच वेळी चार-चार पडद्यांत गुंतायची सवय असलेली मुलं एका कामावरून दुसऱ्याकडे वळण्यात उलट कमी पडली. सरावाने जमतं म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

गल्ला:
त्यातून कारण कुठे सिद्ध होतं? मुळात ज्यांचं मन भरकटतं तीच मुलं चार पडदे उघडत असतील. आणि माझं छोटं दुकान आहे. समोर सहा गिऱ्हाइकं, फोन वाजतोय. नाही उचलला तर ऑर्डर पुढच्या दुकानात जाते. दुसरा माणूस ठेवायचा तर पगार कुठून आणू? चूक होऊ नये हे मलाही कळतं, पण हा सल्ला ज्याच्याकडे माणसं आहेत त्याच्यासाठी आहे.

गोळीचिठ्ठी:
कारणाबद्दलचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. दुकानाचंही खोटं नाही. पहिल्या आठवड्यात आमच्याही दोन ऑर्डर गेल्या, मालक बोलले. मी आता चिठ्ठी पुरी झाली की लगेच उलटा फोन करते. बहुतेक जण तेवढं थांबतात. जे थांबत नाहीत ते जातात. ते आजोबा अजून आमच्याकडेच येतात, आणि त्यांची स्ट्रिप मी दोनदा वाचते.