मॉडेल रेल्वेच्या एकाच लेआउटवर (मांडणीत) वेगवेगळे रूळ नि वळणं: मिसळावीत का?

रत्नागिरीकर
माझं मत: एका लेआउटवर रुळांची पद्धत एकच हवी. एचओ (१:८७) आणि ओओ (१:७६) ही मॉडेलची दोन मापं, दोन्हींचा गेज (एका मार्गाच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर) १६.५ मिमी, म्हणून 'कुठलाही रूळ कुठेही बसतो' असं लोक धरून चालतात. जुळतो तो फक्त गेज. कोड म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात रुळाची उंची: कोड १०० चा रूळ २.५४ मिमी उंच, कोड ८३ चा २.११. ही ०.४३ मिमीची पायरी डोळ्याला दिसत नाही, पण हलका रिकामा मालडबा तिथेच रुळावरून उतरतो. त्यात आपली खारी, दमट हवा. ढिल्या सांध्यात ओल शिरते, जॉइनर (दोन रूळ जोडणारी धातूची पट्टी) काळा पडतो, वीज पुढे जात नाही आणि इंजिन पुढच्या तुकड्यावर थांबतं.

कुडाळकर
अजिबात पटलं नाही. कोकणात बसून हवा तो रूळ हवा तेव्हा मिळत नाही. जे मिळेल ते जोडता आलंच पाहिजे. जॉइनरचा अर्धा भाग कोड १०० च्या रुळावर चढवा, उरलेला अर्धा पकडीने चपटा करा आणि त्यावर कोड ८३ चा रूळ ठेवून सोल्डर करा. माथा आणि आतली कड एका रेषेत आली की झालं. बाहेरची कड जुळली नाही तरी चाकाला काही फरक पडत नाही. कमी उंचीच्या बाजूच्या स्लीपरखाली प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या सरकवा. पुठ्ठा नको, पावसाळ्यात फुगतो. नख फिरवून पाहा, अडलं तर बारीक कानस मारा. सांध्याच्या दोन्ही बाजूंना वेगळी फीडर वायर (रुळाला वीज पुरवणारी तार) दिली की जॉइनर काळा पडला तरी वीज अडत नाही.

रत्नागिरीकर
उंचीचं मान्य. पण शेजारी-शेजारी जाणाऱ्या दोन मार्गांच्या मध्यरेषांमधल्या अंतराचं काय करणार? हॉर्नबी कंपनीच्या सेटमध्ये ते ६७ मिमी (तिच्या ठरलेल्या वळणांपैकी दुसरी त्रिज्या ४३८, तिसरी ५०५), पेको कंपनीच्या स्ट्रीमलाइन रुळांमध्ये ५०.८. भारतीय रेल्वेचा एलएचबी प्रवासी डबा घ्या: लांबी २३.५४ मीटर, दोन बोगींच्या (चाकांच्या गाड्यांच्या) केंद्रांत १४.९, रुंदी ३.२४. एचओत तो सुमारे २७० मिमी लांब, ३७ मिमी रुंद. ४३८ च्या वळणावर त्याचं टोक साडेबारा मिमी बाहेर झुकतं, बाहेरच्या मार्गावरच्या डब्याचं पोट (मधला भाग) सातेक मिमी आत येतं. रुंदी धरून ५७ मिमी लागतात. ५०.८ वर डबे घासणारच.

कुडाळकर
मग तिथे अंतर वाढवा! फ्लेक्स रूळ (हवा तसा वाकवता येणारा) कशासाठी आहे? स्टेशनात ५०.८, वळणावर ६७. आणि ९१४ मिमी त्रिज्येच्या वळणावर हाच हिशोब ४७ मिमीवर येतो, तिथे ५०.८ पुरतं.

चिपळूणकर
तुम्ही दोघं रुळांच्या मापावर भांडताय, वळणांचा मुद्दा वेगळा आहे. तिथे मिसळणं चांगलंच. कोकण रेल्वेवर किमान त्रिज्या १२५० मीटर. एचओत ती १४ मीटरच्या वर जाते, कुणाच्या घरात मावणार? म्हणून निदान वळणात शिरताना तरी सौम्यपणा हवा. ९० अंशांसाठी चौथ्या त्रिज्येचा (५७१.५) साडेबावीस अंशांचा तुकडा, मग दुसऱ्या त्रिज्येचे ४५ अंश, शेवटी पुन्हा चौथ्याचा साडेबावीस.

रत्नागिरीकर
याला जागा किती लागते ते मोजलंत का? साधारण ४९९ मिमी. आणखी सहा मिमी दिलेत तर अख्खं वळण ५०५ चं होतं, मधला ४३८ चा आवळ भागच राहत नाही.

चिपळूणकर
मोजलं आहे. गाडी वळणाच्या मधे रुळावरून उतरत नाही, तोंडाशी उतरते. सरळ रुळावरून ५०५ वर शिरताना शेजारच्या दोन डब्यांची टोकं एकमेकांपासून जवळपास अकरा मिमीने बाजूला सरकतात, ५७१.५ वर साडेनऊने. पुढे ४३८ वर जाताना फक्त आणखी तीन. कपलिंगवर ताण येतो तो या एकदम बसणाऱ्या झटक्याने. मात्र शेजारी दुसरा रूळ असेल तर तुमचंच बरोबर, कारण मधल्या ४३८ च्या भागात दोन मार्गांमध्ये जास्त अंतर लागतं. डावं वळण लगेच उजव्याला जोडलंत तर झटका दुप्पट होतो. मधे एका डब्याएवढा सरळ रूळ हवाच. १६८ मिमीचा एक तुकडा पुरत नाही, दोन घाला.

रत्नागिरीकर
वळणापुरतं मान्य. पॉइंटांबाबत (गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणारे रूळ) माझं तेच मत. फ्रॉग म्हणजे पॉइंटात रूळ एकमेकांना छेदतात ती जागा. इन्सुलफ्रॉग (तिथे वीज न वाहणारे) आणि इलेक्ट्रोफ्रॉग (वीज वाहणारे) पॉइंट मिसळले आणि इलेक्ट्रोफ्रॉगच्या फ्रॉगकडच्या दोन्ही आतल्या रुळांना प्लास्टिकचे जॉइनर घालायचे राहिले, तर शॉर्ट होतो आणि लोक तासभर इंजिन उघडून बसतात.

कुडाळकर
ते मिसळण्याने होत नाही, जॉइनर विसरल्याने होतं. सगळे इलेक्ट्रोफ्रॉग वापरलेत तरी तोच शॉर्ट होईल.