छोट्या हॅचबॅकच्या पुढच्या दारातले कंपनी स्पीकर बदलायचेत, स्टिरिओ तोच ठेवून. फरक पडेल का?

निळी_हॅच

मंडळी, जरा सल्ला हवाय. गाडी छोटी हॅचबॅक, पुढच्या दोन्ही दारांत कंपनीचे स्पीकर आणि वर आरशाजवळच्या त्रिकोणी पट्टीत छोटे ट्वीटर (वरच्या सुरांचे स्पीकर). हल्ली ड्रायव्हरच्या बाजूच्या दारातून आवाज वाढवला की फरफर येते, आणि एरवीसुद्धा गायकाचा आवाज गोधडीखालून आल्यासारखा दबलेला असतो. डग्गा तर कळतच नाही, नुसतं थप थप. स्टिरिओ बदलायचा नाहीये कारण रिव्हर्स कॅमेरा आणि स्टिअरिंगवरची बटणं सगळी त्याच्यावरच आहेत. अँपही (पॉवर वाढवणारा वेगळा डबा) नको, निदान आत्ता तरी. मग नुसते स्पीकर बदलून काही उपयोग होतो का? कोॲक्सियल (ट्वीटर स्पीकरमध्येच) घ्यावेत की कंपोनंट (ट्वीटर वेगळा)? आणि दाराचं पॅड (आतलं आवरण) घरी काढता येतं का, की क्लिपा तुटतात? मला गाडीचं काम स्वतः करायला आवडतं, पाने-स्क्रूड्रायव्हर आहेत, पण दार आजवर उघडलेलं नाही.

सोल्डरवाला

आधी स्पीकरच गेलाय का ते बघा हो, मग खरेदी. बॅलन्स (डावी-उजवी वाटणी) पूर्ण त्या बाजूला घ्या, फेडर (पुढची-मागची वाटणी) पूर्ण पुढे, म्हणजे फक्त तोच एक स्पीकर वाजेल. मग फरफर चालू असताना दाराच्या पॅडवर तळहात दाबून धरा, खिशाजवळ, हँडलजवळ, आर्मरेस्टजवळ, सगळीकडे. दाबल्यावर आवाज थांबला तर स्पीकर ठीक आहे, पॅडची क्लिप सैल झालीय किंवा आतली वायर पत्र्यावर आपटतेय. काच पूर्ण खाली आणि पूर्ण वर करूनही ऐका, कधीकधी काचच थरथरत असते. हे सगळं करूनही फरफर तशीच राहिली तर मग बहुतेक कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) फाटलाय नाहीतर कॉइल (त्याला हलवणारं तारेचं वेटोळं) घासतेय. कंपनीचे स्पीकर बऱ्याचदा कागदी कोनचे असतात, मॅग्नेट लहान, आणि दारात पावसाचं पाणी येतंच (काचेच्या रबरातून आत उतरतं आणि खालच्या भोकांतून बाहेर जातं, दार बनवलेलंच तसं असतं), त्यामुळे काही वर्षांत कागद मऊ पडतो.

चार_ओहम

स्टिरिओ कंपनीचाच ठेवणार असाल तर डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेले वॉट बघूच नका. स्टिरिओवर ५० वॉट गुणिले ४ लिहिलेलं असतं ना, ते १४.४ व्होल्टचा वर्ग भागिले ४ ओहम (स्पीकरचा विद्युत विरोध) असा हिशोब आहे, येतात साधारण ५२. पण तो सिग्नल पूर्ण चौकोनी झाल्यावरचा आकडा, म्हणजे गाणं पार फाटलेलं असताना. स्वच्छ आवाजात एका चॅनलला साधारण १५ ते २० वॉट आरएमएस (सतत मिळणारी खरी पॉवर) मिळतात, बस. म्हणून तुम्ही बघायचा आकडा एकच, सेन्सिटिव्हिटी. म्हणजे १ वॉटला १ मीटरवर किती डीबी (आवाजाच्या जोराचं माप). ८८ वाला आणि ९१ वाला यात फक्त ३ डीबीचा फरक दिसतो, पण ८८ वाल्याला तेवढाच आवाज काढायला दुप्पट पॉवर लागते, आणि ती तुमच्याकडे नाहीये. जाडजूड कोनचे, भल्यामोठ्या मॅग्नेटचे महागडे स्पीकर कमी पॉवरवर कंपनीच्यापेक्षाही मंद वाजलेले मी ऐकलेत, लोक मग स्पीकरला नावं ठेवतात.

दुसरं म्हणजे ओहम. जुन्या स्पीकरच्या मागे छापलेलं असतं ते वाचा. ४ असेल तर ४ चाच घ्या. बाजारात २ आणि ३ ओहमचेही मिळतात, ते जोराने वाजतात कारण जास्त करंट खेचतात, आणि ४ ओहमसाठी बनवलेला स्टिरिओ त्यात तापतो.

कोॲक्सियल की कंपोनंट, तर तुमच्याकडे वर ट्वीटरची जागा तयार आहे, म्हणून मी कंपोनंट म्हणेन. दारातला स्पीकर गुडघ्याजवळ असतो, वरचे सूर तिथून कानापर्यंत येईतो सीट आणि पाय खाऊन टाकतात. ट्वीटर वर असला की गाणारा डॅशबोर्डवर समोर उभा राहिल्यासारखा वाटतो. कोॲक्सियलच घेणार असाल तर वरचे कंपनीचे ट्वीटर काढून ठेवा किंवा वाजवून ठरवा, दोन दोन ट्वीटर एकत्र वाजले की स, श कानाला टोचायला लागतात.

दरवाजाकाका

वरच्या दोघांचं बरोबर आहे पण मुख्य गोष्ट राहिली, आणि मी हे प्रत्येकाला सांगतो कारण नव्या स्पीकरचं यश निम्म्याहून जास्त इथेच ठरतं. स्पीकरचा कोन पुढे येतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते, म्हणजे पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांच्या बरोबर उलटे असतात, आणि हे दोन्ही एकत्र भेटले की खालचे सूर एकमेकांना मारून टाकतात. दाराचा पत्रा आणि स्पीकरची कड यांच्यात नुसती फट राहिली तरी बास गायब. पत्र्यात तर मोठमोठी भोकं असतात, कंपनी त्यावर प्लास्टिकचा पातळ कागद काळ्या चिकट डिंकाने लावते, आणि बसवणारे लोक तो घाईत फाडून ठेवतात. नवीन स्पीकर चांगला असूनही बास कमी झाला म्हणून लोक तक्रार करतात ना, त्यातल्या कित्येकांच्या दारात हाच कागद फाटलेला असतो.

तर करायचं असं की स्पीकरखाली चांगली घट्ट रिंग हवी. कंपनीच्या स्पीकरची प्लास्टिक चौकट वेगळ्या आकाराची असते, नवीन गोल ६.५ इंची तिथे थेट बसत नाही. रिंग जाड प्लास्टिकची घ्या, लाकडी एमडीएफची घेतलीत तर चारही बाजूंनी आणि भोकांच्या आतूनसुद्धा वॉटरप्रूफ पेंट मारा, नाहीतर ओलाव्याने फुगते आणि स्क्रू सैल पडतात. रिंग आणि पत्र्यात फोमची पट्टी, रिंग आणि स्पीकरमध्ये परत फोमची पट्टी. आणि स्पीकरच्या पुढच्या बाजूलाही गोल फोम लावा जो पॅडच्या जाळीला जाऊन टेकेल, म्हणजे आवाज जाळीतून बाहेर येईल, पॅडच्या मागे फिरत बसणार नाही. खर्च नगण्य, वेळ थोडा, फरक ऐकूनच कळेल.

रिंगमुळे स्पीकर बाहेर येतो हे चांगलंच, कारण आत काच खाली उतरते. विकत घेण्याआधी काच पूर्ण खाली करून पत्र्यापासून काचेपर्यंतचं अंतर मोजा आणि स्पीकरच्या माउंटिंग डेप्थशी (बसवल्यावर मागे लागणारी खोली) ताडून बघा. बाहेरच्या बाजूला पॅडलाही जागा लागते, ती विसरू नका.

निळी_हॅच

सगळ्यांचे आभार. तळहात दाबून बघितलं, फरक नाही, म्हणजे स्पीकरच गेलाय. यूट्यूबवर माझ्याच मॉडेलचा व्हिडिओ बघितला तर त्यात स्पीकर स्क्रूने नाही, रिव्हेटने बसवलेला दिसतोय. आणि दारात एअरबॅगचं काही असतं का? त्याची भीती वाटते.

सोल्डरवाला

भीती योग्य आहे, म्हणून नीट सांगतो. इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढा, आणि थोडा वेळ थांबा, एअरबॅगच्या सिस्टीममध्ये चार्ज राहतो. किती वेळ ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. काही गाड्यांत बाजूच्या धडकेसाठी प्रेशर सेन्सर दाराच्या आत असतो, तो दारातल्या हवेचा दाब एकदम वाढला की ओळखतो. तुमच्या गाडीत तो असेल तर पिवळ्या कपलरला (वायरींचा जोड) हात लावायचा नाही, आणि तो प्लास्टिक कागद परत पूर्ण सीलबंद व्हायलाच हवा, पत्र्यात नवीन भोकं पाडायची नाहीत. इथे आवाजाचा प्रश्नच नाही, जिवाचा आहे.

पॅड काढताना आधी लपलेले स्क्रू शोधा, आतल्या हँडलच्या वाटीत आणि आर्मरेस्टच्या खळग्यात बहुतेक असतातच, वर छोटं झाकण असतं. सगळे निघाले की खालच्या कडेपासून प्लास्टिकच्या पट्टीने क्लिपच्या अगदी जवळ उचका, क्लिपांपासून लांब धरून ओढलं की त्या तुटतात. थंडीत प्लास्टिक कडक होतं, उन्हात करा. शेवटी पॅड वर उचलून काढायचं, झटका नको, मागे हँडलची केबल आणि काचेच्या स्विचचा कपलर अडकलेला असतो.

रिव्हेट ड्रिलने काढायचे, फक्त डोकं उडवायचं, पत्र्याचं भोक मोठं करायचं नाही. चुरा खाली दारात पडतो तो चुंबकाने आणि व्हॅक्यूमने काढा, राहिला तर तिथूनच गंज धरतो. नवीन स्पीकर त्यावेळी लांब ठेवा, नाहीतर सगळा लोखंडी चुरा त्याच्या मॅग्नेटला जाऊन चिकटेल. मूळ वायर कापू नका. तुमच्या गाडीचा ॲडॉप्टर कपलर मिळतो, तो लावा, पुढे गाडी विकताना जुने स्पीकर परत बसवता येतात.

बास_पाहिजे

मी तर म्हणतो छोटा अँप आधी, स्पीकर नंतर. आणि दारात डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर मारणारी चिकट शीट) पूर्ण भरून लावा.

दरवाजाकाका

भाऊ, त्यांचा कोन फाटलाय, अँप लावून फाटका स्पीकरच मोठ्याने वाजेल ना. डॅम्पिंग लावा म्हणणं बरोबर, पण पूर्ण भरायची गरज नाही. बाहेरच्या पत्र्याला स्पीकरच्या मागे आणि मधल्या मोठ्या सपाट भागावर लावली तरी पत्र्याचा टिणटिण आवाज बसतो. आधी पत्रा स्पिरिटने पुसा, रोलर जोरात फिरवा, आणि दाराच्या तळाची पाण्याची भोकं अजिबात झाकू नका.

चार_ओहम

आणि बास अति वाढवू नका. स्टिरिओमध्ये हाय पास (ठरवलेल्या आकड्याखालचे सूर अडवणारी सेटिंग) असेल तर ८० हर्ट्झला लावा. एवढ्याशा पॉवरवर स्पीकर ८० च्या खाली झगडतो आणि त्याच वेळी मधला आवाज गढूळ होतो. ट्वीटरच्या वायरीत जो छोटा कपॅसिटर असतो तो काढून टाकू नका, ४ ओहमला ४.७ मायक्रोफॅरड म्हणजे साधारण ८५०० हर्ट्झच्या खालचं हळूहळू कापलं जातं, तो गेला की ट्वीटर जळतो. कंपोनंटसोबत क्रॉसओव्हर (खालचे-वरचे सूर वेगळे करणारा डबा) येतो तेव्हा कंपनीचा ट्वीटर आणि त्याची वायर बाजूला ठेवून नवाच वापरायचा.

निळी_हॅच

ड्रायव्हरच्या बाजूचं झालं! कंपोनंट घेतले, ९१ डीबीवाले, रिंग आणि तीन ठिकाणी फोम, कागद नवीन डिंकाने परत चिकटवला. जुना कोन कडेने उसवला होता. गायकाचे शब्द आता नीट कळतात, डग्ग्याचा घुमार पहिल्यांदा ऐकला या गाडीत. उद्या दुसरं दार.

सोल्डरवाला

मस्त काम! दुसऱ्या दाराचं पॅड बसवायच्या आधी एक करा. १.५ व्होल्टचा सेल घ्या आणि दोन्ही बाजूंना कपलरच्या वायरींना क्षणभर टेकवा, स्टिरिओकडचं टोक काढून. सेलचा प्लस प्लसला असताना दोन्ही कोन बाहेर यायला हवेत. एक आत गेला तर त्या बाजूच्या वायरी उलट्या आहेत, आणि मग दोन्ही एकत्र वाजवल्यावर आजचा तो घुमार परत गायब होईल.

निळी_हॅच

हो, सेल काढून ठेवला. पॅड तोवर लावत नाही.