भेंडी एका दिवसात जून होते, शिवाय शिरा पिवळ्या. मदत हवी आहे

मंडळी, कुंड्यांत भेंडी लावली आहे. कडक ऊन, दमट हवा, त्यामुळे झाडं कमरेच्या वर गेलीत आणि फुलंही रोज येतात. तक्रार भेंड्यांची. बोटाएवढी दिसते म्हणून "उद्या तोडू" म्हणावं, तर उद्या सुरी लागत नाही, आत नुसते दोरे. तोडणी कशावरून ठरवता? लांबीवरून की दिवस मोजून?

दुसरं म्हणजे एका झाडाची नवी पानं विचित्र दिसतायत. शिरा पिवळ्याजर्द, मधला भाग हिरवा. पान हलवलं की खालून बारीक पांढऱ्या माश्या उडतात. भेंडीही फिकट येते. लोह कमी पडलंय का? उपटायला सांगणार असाल तर जरा हळू सांगा, सगळ्यात आधी तेच फुललं होतं.

प्रतिसाद १ :
दिवस मोजा. फूल उमलल्यापासून चार ते सहा दिवसांत भेंडी तोडणीला येते. तुमच्यासारख्या हवेत चौथ्या-पाचव्या दिवशीच काढा, म्हणजे एक दिवसाआड सकाळी फेरी हवीच. शंका आली तर एखादीचं टोक वाकवून बघा. कट्कन मोडलं तर कोवळी, नुसतंच वाकलं तर गेली. (सगळ्यांची टोकं मोडत बसू नका, मोडलेली लवकर काळी पडते.) जून झालेलीही झाडावर ठेवू नका. बी भरायला लागलं की नवी फुलं कमी होतात. देठ कात्रीने कापा आणि हात खाजत असतील तर मोजे घाला.

प्रतिसाद २ :
हा केवडा. लोह कमी असेल तर नेमकं उलटं दिसतं : शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. केवडा विषाणूमुळे होतो, पांढरी माशी तो पसरवते आणि झाड बरं करणारं औषध नाही. हळू सांगतोय, पण उपटाच. आधी झाडावर पिशवी चढवा, नाहीतर माश्या उडून शेजारच्या झाडांवर बसतील. बाकीच्यांना पानांच्या खालून निंबोळी अर्क फवारा, पिवळे चिकट सापळे लावा. युरियाचा हात आखडता घ्या, लुसलुशीत पाल्यावर रस शोषणाऱ्या किडी जास्त येतात. पुढच्या वेळी केवड्याला प्रतिकारक वाण बघा, मात्र त्यावर शंभर टक्के विसंबू नका. परभणी क्रांती प्रतिकारक म्हणूनच आलं होतं, आता त्यावरही केवडा दिसतो.

धागाकर्ता :
उपटतो. त्यावरच्या फिकट भेंड्या खाल्ल्या तर चालतील?

प्रतिसाद २ :
चालतील. हा विषाणू माणसाला काही करत नाही. चिवट मात्र लागतील.