‘फोरेन्सिक्स-ऑल’ काढल्यानंतरही साधने संगणकावर का राहतात?

प्रश्न : प्रयोगशाळा सहायक, परभणी

सर्वांना नमस्कार. आमच्या महाविद्यालयातील संगणकांवर उबुंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली असून मागील सत्रात सायबर फोरेन्सिकच्या (डिजिटल पुरावा तपासण्याच्या) प्रात्यक्षिकांसाठी ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल फोरेन्सिक्स-ऑल’ ही कमांड देऊन सर्व साधने एकदम बसवली होती (‘ॲप्ट’ हा सॉफ्टवेअर बसवण्या-काढण्याचा प्रोग्राम, ‘सुडो’ म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने). आता जागा हवी म्हणून ‘सुडो ॲप्ट रिमूव्ह फोरेन्सिक्स-ऑल’ दिले. ते बिनतक्रार पूर्ण झाले, परंतु जागा मोकळी झाली ती काही किलोबाइटच. त्यानंतर ‘ऑटोरिमूव्ह’ दिल्यावर बरीच साधने गेली, तरी स्लूथकिट (डिस्क तपासणारे साधन) आणि स्काल्पेल (पुसलेल्या फाइली शोधणारे साधन) जागचे हलले नाहीत. पुढील सत्रात हेच सॉफ्टवेअर पुन्हा बसवायचे आहे आणि आमच्याकडे इंटरनेट मंद व वीज बेभरवशाची आहे, हे लक्षात घेऊन योग्य पद्धत कोणती ते कृपया सांगावे.

उत्तर : नांदेड

सर, ‘फोरेन्सिक्स-ऑल’ हे मेटापॅकेज आहे, म्हणजे त्याच्या पोटात एकही साधन नसते. कोणकोणती पॅकेजे बसवायची याची केवळ यादी असते. त्यामुळे ते काढले की यादी जाते आणि साधने राहतात. यादीमुळे आलेल्या प्रत्येक पॅकेजवर ॲप्ट ‘आपोआप आलेले’ अशी खूण करून ठेवते आणि ‘ऑटोरिमूव्ह’ फक्त अशी, आता कोणालाही न लागणारी पॅकेजे काढते. मधल्या काळात एखाद्या विद्यार्थ्याने ‘ॲप्ट इन्स्टॉल स्लूथकिट’ असे स्वतंत्रपणे दिले असेल, तर ते आधीच बसलेले असूनही त्याची खूण बदलून ‘हाताने बसवलेले’ अशी होते आणि मग ‘ऑटोरिमूव्ह’ त्याला हात लावत नाही. ‘ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल’ या कमांडने ही यादी दिसेल. ऑटॉप्सी (स्लूथकिट चित्रमय पडद्यावरून वापरू देणारे साधन) बसवलेले असेल तर स्लूथकिट राहण्याचे तेही एक कारण आहे, कारण ऑटॉप्सीचे काम त्याच्यावरच चालते.

काढण्यापूर्वी ‘ॲप्ट-गेट -एस ऑटोरिमूव्ह’ देऊन नुसती तालीम करावी आणि जाणाऱ्या नावांची यादी शेवटपर्यंत वाचावी. पूर्वी नेमके काय बसवले होते हे आठवत नसेल, तर व्हार फोल्डरमधील लॉग आणि त्यातील ॲप्ट या फोल्डरात हिस्टरी नावाची नोंदवही असते. तिच्यात कमांड, तारीख आणि आलेली पॅकेजे अशा तिन्ही गोष्टी मिळतात. माझे स्पष्ट मत असे आहे की शिकवण्यासाठी हे मेटापॅकेज घेऊच नये, कारण त्याच्यासोबत पासवर्ड फोडणारी साधनेही येतात आणि ती पदवीच्या प्रयोगशाळेत विनाकारण पडून राहतात.

उत्तर : लातूर

वरील उत्तराला एक महत्त्वाची जोड देतो. ‘रिमूव्ह’ने प्रोग्राम जातो, परंतु त्याची ‘इटीसी’ या फोल्डरातील सेटिंगची फाइल राहते; ‘परज’ने तीही जाते. स्काल्पेलच्या बाबतीत हा फरक फार जाणवतो. त्याच्या मूळ सेटिंग फाइलमध्ये सर्व फाइलप्रकार बंद केलेले असतात आणि जेपीजी शोधायचे असेल तर ती ओळ आपणच उघडावी लागते. मागील तुकडीने ती उघडली आणि आपण केवळ ‘रिमूव्ह’ केले, तर पुढील सत्रात पुन्हा बसवल्यावर जुनीच सेटिंग लागू होते. त्यामुळे नव्या विद्यार्थ्यांना ती ओळ का उघडायची हे कधी कळतच नाही. ‘डीपीकेजी -एल’च्या यादीत ज्या नावांपुढे ‘आरसी’ ही अक्षरे दिसतील, त्यांचा प्रोग्राम गेला आहे पण सेटिंग उरली आहे असे समजावे आणि त्यांना ‘परज’ करावे.

इंटरनेटविषयी : ‘ॲप्ट’ ही कमांड बसवणे पूर्ण झाल्यावर उतरवलेल्या डेब फाइली (पॅकेजच्या मूळ फाइली) पुसून टाकते, मात्र ‘ॲप्ट-गेट’ त्या व्हार, कॅश, ॲप्ट, आर्काइव्ह्ज या फोल्डरात राखून ठेवते. म्हणून एका संगणकावर ‘ॲप्ट-गेट’ वापरून फाइली पेनड्राइव्हवर घ्याव्यात आणि त्याच आवृत्तीच्या इतर संगणकांवर त्याच फोल्डरात ठेवाव्यात. मध्येच वीज गेली तर ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि त्यानंतर ‘सुडो ॲप्ट-गेट -एफ इन्स्टॉल’ दिल्यास अर्धवट राहिलेले काम सहसा मार्गी लागते.

उत्तर : छत्रपती संभाजीनगर

प्रयोगशाळेपुरते वरील दोन्ही सल्ले योग्य आहेत, परंतु कोणी ते खऱ्या पुराव्याच्या संगणकावर वापरू नयेत. पुसलेल्या फाइलींचा मजकूर डिस्कच्या रिकाम्या समजल्या जाणाऱ्या भागातच असतो आणि नवे सॉफ्टवेअर नेमके तिथेच लिहिले जाऊ शकते. नंतर ‘परज’ केल्याने तो मजकूर परत येत नाही, उलट काढण्याच्या क्रियेच्याही नव्या नोंदी डिस्कवर होतात. अशा वेळी केनसारखी, डिस्कवर लिहिण्यास मुळातच अटकाव करणारी लाइव्ह प्रणाली (संगणकावर न बसवता चालणारी) पेनड्राइव्हवरून सुरू करावी आणि डीसी३डीडी या साधनाने डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत घ्यावी, कारण ते प्रत घेतानाच हॅशही (मजकुराचा डिजिटल ठसा) काढते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार द्यावयाच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश आणि त्याची पद्धत नमूद करावी लागते. याच कारणाने, ज्या संगणकावर एखाद्या प्रकरणाचे काम झाले आहे तिथून साधन काढण्यापूर्वी त्याची आवृत्ती लिहून ठेवावी. उलटतपासणीत ती विचारली जाऊ शकते.

प्रश्नकर्ता, परभणी

सर्वांचे आभार. शोमॅन्युअलच्या यादीत स्लूथकिट आणि स्काल्पेल दोन्ही सापडले आणि ‘परज’ केल्यावर गेले. आता फक्त व्होलॅटिलिटी ३ (संगणकाच्या मेमरीची तपासणी करणारे साधन) उरले आहे. ते ॲप्टच्या कोणत्याच यादीत दिसत नाही.

उत्तर : नांदेड

ते बहुधा पिपएक्सने (पायथॉनचे प्रोग्राम बसवणाऱ्या साधनाने) बसवलेले असेल आणि तसे असल्यास ॲप्टला त्याचा पत्ताच नसतो. ज्या वापरकर्त्याच्या खात्यातून बसवले त्याच खात्यातून, सुडो न लावता, ‘पिपएक्स अनइन्स्टॉल व्होलॅटिलिटी३’ द्यावे. त्या वापरकर्त्याच्या होम फोल्डरातील लपलेल्या कॅशमध्ये व्होलॅटिलिटी३ नावाचे फोल्डर मागे राहते, ते मात्र हातानेच काढावे लागेल.