पाचवीतल्या मुलीसाठी मराठी गोष्टी आणि कॉमिक्स: काय चालतं, काय पडून राहतं?

गोरेगावची_आई
मुलगी पाचवीत, माध्यम इंग्रजी. घरात मराठीच बोलतो, त्यामुळे ऐकलेलं सगळं कळतं. वाचताना मात्र दर ओळीला अडखळते आणि दोन पानांत पुस्तक मिटते. इंग्रजीत हीच मुलगी जाडजूड कादंबऱ्यांचा फडशा पाडते. 'वयोगट ६ ते ८' छापलेली पुस्तकं तिला बाळबोध वाटतात. कॉमिक्सपासून सुरुवात करा असं बरेच जण सांगतात. तुम्ही अलीकडे वाचलेल्यांतली नावं सुचवा, आणि कुठे फसतं तेही सांगा. फास्टर फेणे आता जुना झाला का?

शाईचा_डाग
आधी ती नक्की कशाला अडखळते ते बघा. शंभरेक शब्दांचा उतारा मोठ्याने वाचायला द्या, मध्ये काही सांगू नका, आणि तुमच्याकडच्या प्रतीवर थांबण्याच्या जागी पेन्सिलीने खुणा करा. खुणा 'कृत्रिम', 'निष्कर्ष', 'ट्रक' असल्या जोडाक्षरांवर पडल्या तर अडचण लिपीची. 'ओशाळला', 'हिरमुसली' यांवर पडल्या तर शब्दांची. कारण ही अक्षरं सोपी आहेत, शब्दच कानावर पडलेला नाही. दोन्हींवरचे उपाय वेगळे. ते न बघता पुस्तकं आणली की कपाट भरतं, बाकी काही होत नाही.

लिपीची अडचण असेल तर चिंटूचे संग्रह आणा. पंडित-वाडेकरांची ही चित्रमालिका १९९१ साली 'सकाळ'मध्ये सुरू झाली. तीन-चार चौकटींत गंमत संपते आणि पप्पू, मिनी, बगळ्या बोलतात ते घरात बोलतो तसंच. रोज पाच-सहा चित्रपट्ट्या पुरे.

शब्दांची असेल तर 'वाचू आनंदे'. माधुरी पुरंदरेंनी केलेलं हे संकलन, बालगटाचे दोन भाग, कुमारगटाचे दोन. वयाने कुमारगट तिचा, पण बालगटाच्या दुसऱ्या भागापासून धरा. उतारे सुटे आहेत, मधूनच उघडलं तरी चालतं. शिवाय चित्रं भारतीय चित्रपरंपरांतली निवडलेली आहेत, त्यामुळे बाळबोध वाटत नाही.

फास्टर फेणे जुना झालाय आणि तरीही चालतो. भा. रा. भागवतांचं वाक्य पळतं, संवाद भरपूर, आणि फुरसुंगीचा बनेश 'ट्टॉक्' करून पुढच्या लफड्यात पडतो तिथे प्रकरण संपतं. वीस पुस्तकं आहेत, क्रम पाळायची गरज नाही. 'गोट्या' मात्र आत्ताच तिच्या हातात देऊ नका. ताम्हनकरांचं मराठी गोड आहे, पण वाक्यांची चाल संथ. ते तुम्ही वाचायचं, तिने ऐकायचं.

शेवटची_बोरिवली
कॉमिक्सबद्दल माझं मत उलट आहे. भाषांतरित कॉमिक्स नवख्या वाचकाला कथेच्या पुस्तकापेक्षा अवघड जाऊ शकतं, आणि दोष मुलांचा नसतो. इंग्रजी कॉमिक्समधला संवादाचा फुगा कॅपिटल अक्षरांच्या मापाने काढलेला असतो. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. दोन ओळींत जास्त जागा लागते. फुगा तेवढाच राहतो, मग टाइप बारीक करतात. 'सर्वांनी'मधला रफार आणि अनुस्वार एकमेकांना चिकटतात आणि मूल 'सवांनी' वाचतं. मजकूर बसवणाऱ्याने चुकीचा फाँट वापरला तर 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, ल आणि श हिंदी वळणाचे येतात. शाळेत शिकलेलं अक्षर एक, छापलेलं दुसरं.

म्हणून दुकानात मुखपृष्ठ बघू नका. मधलं, भरपूर बोलणं असलेलं पान उघडून हातभर अंतरावरून हे चार शब्द तपासा: एक रफाराचा, एक 'ऱ्या'चा, एक ल, एक श.

अमर चित्र कथा ३२ पानांच्या, आकाराने बेताच्या. पण गोष्ट पुढे सरकते चौकटीवरच्या निवेदनातून, आणि ते संस्कृतप्रचुर. मुलं थेट फुग्यांवर उडी मारतात आणि मग 'हा कोण, हा का रडतो' सुरू होतं. पुराणकथा मागे ठेवा. पंचतंत्र, जातक, बिरबल आधी. निवेदन तुम्ही वाचा, फुगे तिने.

पानपलटू
जाड कादंबऱ्या वाचणाऱ्या मुलीला नुसत्या तुकड्यांवर ठेवलं तर कंटाळेल हो. गुप्तहेर फेलूदाच्या गोष्टी बघा: लेखक सत्यजित राय, अनुवाद अशोक जैन, रोहन प्रकाशन. फेलूदाचा चुलतभाऊ तोपशेच गोष्ट सांगतो, त्यामुळे भाषा पोरसवदा. पुस्तकं लहान, आणि रहस्य असल्यामुळे शब्द अडला तरी पान उलटतं. वेरूळच्या लेण्यांत घडणारी कथा आधी द्या, जागा ओळखीची. फेलूदाचा लेखक मित्र जटायू आला की हसू येतंच.

हॅरी पॉटरचा मराठी अनुवादही चालेल, एका अटीवर: इंग्रजीत वाचून झालेला असेल तरच, आणि तोही पहिलाच भाग. सतरा प्रकरणांतलं तिचं आवडतं एक काढून द्या. गोष्ट पाठ असते, त्यामुळे नव्या शब्दाचा अर्थ आपोआप लागतो.

गोरेगावची_आई
खुणा केल्या. जोडाक्षरांवर फार नाहीत, 'खजील', 'तावातावाने' असल्या शब्दांवरच आहेत. म्हणजे लिपी ठीक दिसतेय. मग फेलूदा की 'वाचू आनंदे'? आणि हे सगळं एका फेरीत कुठे मिळेल?

शाईचा_डाग
मी आधी 'वाचू आनंदे' म्हटलं होतं, पण जाड कादंबऱ्या वाचणारी मुलगी आहे, मग फेलूदा. पहिलं प्रकरण तुम्ही मोठ्याने वाचा, माणसांची नावं आणि नाती तिथेच बसतात. दुसऱ्यापासून तिच्या हवाली. अडलेल्या शब्दाचा अर्थ लगेच सांगून मोकळ्या व्हा, शब्दकोश बघायला लावलंत तर पुस्तक गेलंच. खरेदीला दादर पश्चिमेला छबिलदासच्या गल्लीत आयडियल हे पुस्तकांचं दुकान. शनिवार संध्याकाळ टाळा, मधलं पान उघडून बघायला उभं राहायला जागा नसते.

तोवर फुकटात हवं असेल तर बालभारतीचं 'किशोर'. मासिक १९७१ पासूनचं, जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर आहेत. फोनवर वाचायला देऊ नका, पान मोठं करताना ओळ हरवते. दोन-तीन पानी गोष्ट निवडून ए-फोरवर छापून द्या.